हौदाच्या पाण्याचा साका

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सतरा दिवस काळी होती, आणि ती का काळी होती हे गल्लीतल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. समोरच्या गोदाबाईंच्या मते मी मसणातल्या राखेत हात घातला होता. कोपऱ्यावरच्या लीलाधरशेठच्या मते मी कुठल्याशा छापखान्यात चोरून काम धरलं होतं. माझी बायको रजनी हिच्या मते मी मूर्ख होतो. तिघांत खऱ्याच्या सर्वांत जवळ रजनीच होती, पण ते मला तेव्हा कबूल नव्हतं आणि आजही मी ते फक्त लिहून देतो आहे, तोंडानं म्हणणार नाही.

मला खरं तर एवढंच दाखवायचं होतं, की पाण्याचं दूध होत नाही.

सन छप्पनच्या आषाढाची अखेर. गोदाबाईंकडे ओळीनं नऊ दिवस दूध नासलं. पातेलं नीट घासलं होतं का, हा प्रश्न गल्लीत फक्त मला पडला आणि मीही तो मनातच विचारला, कारण गोदाबाईंच्या तोंडाला लागायची माझी छाती नाही. दहाव्या दिवशी लीलाधरशेठची म्हैस आटली. मग गोदाबाईंना आठवलं, की पहिल्या दिवशी दूध तापत असताना रंभाबाई दारावरून गेली होती आणि म्हणाली होती, "चांगलं घट्ट दूध हाय वं बाई."

रंभाबाई म्हणजे गल्लीच्या शेवटच्या खोलीत एकटी राहणारी निंबोल्याकडची विधवा. शेवया करून विकायची. वीस वर्षं आमच्या सोळा घरांच्या लग्नामुंजीत तिच्याच शेवया शिजल्या. पण ते वाक्य बोलून बाई फसली. दुधाला चांगलं म्हणणं हा आमच्या गल्लीत पुरावा असतो.

लीलाधरशेठनं खकनारच्या बाजूनं निंबा भगताला आणवलं. हा लांब, वाळका, डोळ्यांत सुरमा घातलेला माणूस. बोलायचा इतकं हळू की ऐकणाऱ्यालाच वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस निम्मा पटलेलाच असतो. तो म्हणाला, "गेलेलं दूध कुठं जात नाही. ज्यानं नेलं त्याच्या पाण्यात लपून बसतं. मी बोलावलं की दिसतं." मग त्यानं घराघरातून वाटीभर पाणी मागवलं आणि कुपीतून चार-चार थेंब सोडले. लीलाधरशेठचं पाणी स्वच्छ राहिलं. गोदाबाईंचं राहिलं. माझं राहिलं. रंभाबाईच्या वाटीत थेंब पडले आणि त्या पाण्यात धुरासारखं काहीतरी पांढरं हललं, पसरलं, आणि बघता बघता वाटी दुधानं भरली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. सोळा घरांतली माणसं नुसती एक-एक पाऊल मागं सरली, शाळेतल्या कवायतीसारखी.

माझं पाणी स्वच्छ राहिलं तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? त्यावेळी मी गप्प बसलो. रंभाबाईनं हौदाला हात लावायचा नाही आणि सर्वपित्री अमावास्येला सूर्य मावळायच्या आत गल्ली सोडायची, असं ठरलं तेव्हाही मी गप्पच होतो.

घरी आल्यावर मात्र माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचायला लागली. भगताच्या झोळीत कुप्या दोन होत्या. आमच्या वाट्यांत थेंब पडले ते निळ्या दोऱ्याच्या कुपीतले. रंभाबाईच्या वाटीत पडले ते लाल दोऱ्याच्या.

आता माझ्याविषयी. मी जिनिंगमध्ये कापूस तोलणारा कारकून. सातवी नापास. पण रद्दीत मिळालेलं रसायनाचं एक पुस्तक, पहिली आणि शेवटची पानं नसलेलं, मी अकरा वेळा वाचलंय. त्यामुळे गल्ली मला 'मास्तर' म्हणते, आणि म्हणताना हसते. हसू द्या. ज्या मास्तरांना शाळेत पगार मिळतो त्यांच्यातल्या एकालाही त्या दिवशी दोन कुप्या दिसल्या नाहीत, आणि असे दोन आमच्या गल्लीतच राहतात.

त्या पुस्तकात एक सोयरिकीचं प्रकरण आहे. मी त्याला सोयरिकीचं म्हणतो, पुस्तकात नाव वेगळं असेल, ते पान फाटलंय. दोन स्वच्छ पाणी घ्या. दोन्हींत काहीतरी विरघळलेलं, दिसत मात्र काहीच नाही. एकात चांदी आणि नायट्रेट हे जोडपं. दुसऱ्यात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. दोन्ही पाणी एकत्र ओतली की जोडपी फुटतात आणि चांदी जाऊन क्लोराइडचा हात धरते. या नव्या जोडप्याला पाण्यात राहता येत नाही. ते पांढरं होऊन तळाशी जाऊन बसतं. त्याला साका म्हणायचं. कुठल्या जोडप्याचा साका बसणार आणि कुठलं पाण्यात सुखानं नांदणार, हे आधीच सांगता येतं; त्याचे नियम आहेत, आणि मी ते पाढ्यासारखे पाठ केलेत. सोडियमवाले सगळे विरघळतात. नायट्रेटवाले सगळे विरघळतात. क्लोराइडवाले विरघळतात, चांदी, शिसं आणि पारा सोडून. रजनी म्हणते, मी झोपेतही हे म्हणतो. माणसं झोपेत याहून वाईट म्हणतात.

तर लाल कुपीत असलंच काहीतरी होतं. मलाही तसंच करून दाखवायचं होतं, पण उघडपणे, आधी सांगून. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट पाहिजे होतं.

बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा होती. गेलो. तिथं नवीन राज्याची तयारी चालली होती. आतापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, एक नोव्हेंबरपासून भोपाळ होणार होती. विज्ञानाच्या मास्तरांनी नागपूरकडे बदली मागितली होती आणि ते ट्रंका बांधत होते. कपाटांना लाखेचं सील लागलं होतं. उरला होता प्रयोगशाळेचा शिपाई वामनराव. त्यानं माझा मराठी अर्ज वाचला, घडी केली आणि परत दिला.

"हिंदीत आणा."

हिंदीत नेला.

"पत्ता नागपूरचा टाकलाय तुम्ही. भोपाळचा टाका."

"भोपाळचं ऑफिस अजून उघडलंय कुठं?"

"म्हणून तर उत्तराला उशीर लागंल."

अमावास्येला अकरा दिवस उरले होते. मी वामनरावाला रंभाबाईची हकीगत सांगितली. त्यानं खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तिच्या शेवया खाल्ल्यात मी, मेहुण्याच्या लग्नात." त्यानं रजिस्टर उघडलं. "हे बघा. ही बाटली आठ दिवसांपूर्वी नागपूरला रवाना झाली असं इथं लिहिलंय. म्हणजे ती इथं नाही. जी वस्तू इथं नाही ती तुम्ही नेली, असं कोण म्हणणार?" आणि त्यानं टेबलाखालून तपकिरी बाटली काढली. सरकारी कामात इतका स्वच्छ विचार मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, पुढंही ऐकला नाही.

त्यानं छोट्या कुपीत मला औषध भरून दिलं आणि तिथंच एकदा करूनही दाखवलं. प्रयोगशाळेतलं, वाफ थंड करून केलेलं पाणी घेतलं, थेंब टाकला: काही नाही. चिमूटभर मीठ टाकलं: दूध! मी आनंदानं कुपीच्या तोंडाला बोटं लावून ती उलटी केली. "अहो, हाताला लागू देऊ नका!" वामनराव ओरडला, पण तोवर लागलं होतं. घरी पोचेपर्यंत उन्हात बोटं तपकिरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी काळी. साबण, लिंबू, चिंच, राख; काही उपयोग नाही.

गल्लीत त्या बोटांचा असा काही परिणाम झाला की काय सांगू. दुकानदार माझ्या हातून काही घेईना. गोदाबाई रजनीला म्हणाल्या, "मास्तरांनी तिच्यासाठी मसणातल्या राखेत हात घातला ना, म्हणून डाग पडला." त्यांना वाटलं मला घाबरवतायत. खरं सांगायचं तर थोडा घाबरलोही. आपलाच हात जेवताना ताटातून आपल्याकडे येतो आणि तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, हे काही बरं नाही.

रंभाबाईकडे गेलो. खोलीच्या दारात पत्र्याचा डबा, त्यावर कौलांवरून पावसाची धार. ती शेवया वळत होती, घेणारं कुणी नसताना. मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तू मनानं चांगला हाय. पन तुह्या बोलन्यानं कोनाचं दूध नासायचं थांबलं का कधी?"

अपमान गिळून मी लीलाधरशेठच्या ओट्यावर जाहीर केलं: अमावास्येला दुपारी बारा वाजता, हौदावर, सगळ्यांसमोर, भगतासमोर, मी एकाच कुपीतले थेंब सगळ्यांच्या पाण्यात टाकीन. कुणाचं पांढरं होईल हे आधीच लिहून लावीन.

"देखो विनायकराव," शेठ म्हणाले, "और उसका पांढरा झालं तर?"

"तर तिचं सामान मी स्वतः बैलगाडीत भरीन."

आजही हे वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

कागद लिहून हौदाच्या भिंतीला डकवला. लीलाधर: पांढरं होणार नाही. गोदाबाई: होणार नाही. अशी पंधरा घरं. रंभाबाई: होणार नाही. खाली ठळक अक्षरांत: विनायक: होईल, कारण मी स्वतः त्यात मीठ टाकणार आहे. खाली सही. तारीख.

इथं आमच्या हौदाबद्दल सांगायला हवं. त्यात भंडाऱ्याचं, म्हणजे भुयारातून आणलेल्या झऱ्यांचं, पाणी येतं. बादशाही काळात कुणी डोकेबाज माणसानं सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटातून बोगदे खणले आणि डोंगरातले झरे अंधारातून चालवत गावात आणले. आजही येतात. या पाण्याला नाव ठेवणारा माणूस बुऱ्हाणपुरात जन्मत नाही. पोरीला सासरी पाठवताना आम्ही रडतो ते पोरीसाठी कमी आणि तिला आता तिकडचं पाणी प्यावं लागणार यासाठी जास्त. जगातलं सर्वांत शुद्ध पाणी ते आमचं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. ते तपासून बघावं असं डोक्यात यायला मी काय परगावचा होतो?

आणि हौद गुणगुणतो. भर दुपारी गल्ली शांत झाली की त्याच्या तोंडातून आवाज येतो, खूप लांबच्या माजघरात पुष्कळ बायका एकदम काहीतरी मोजतायत असा. बोगद्यातली हवा, मला माहीत आहे. तरी पोरांना आम्ही दुपारी हौदाजवळ जाऊ देत नाही.

अमावास्येच्या दुपारी तो आवाज जरा जास्तच येत होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. घराघरांवर पितरांचे घास ठेवलेले, आणि कावळे कौलांवर बसून होते, खाली उतरत नव्हते. खाली सोळा घरांची माणसं. सुकलालच्या हॉटेलातून आणलेले चहाचे सतरा ग्लास हौदाच्या काठावर ओळीनं मांडलेले. निंबा भगत मोरपिसं मांडीवर घेऊन बसलेला. रंभाबाई आपला पत्र्याचा डबा घेऊन आली. कुणाच्या पाण्यानं धुतलेला ग्लास तिला चालेना, किंवा तिनं धरलेला कुणाला चालणार नव्हता म्हणा. तिनं सतरावा ग्लास डब्यातल्या आपल्याच पाण्यानं दोनदा विसळला आणि भरला.

मी छोटंसं भाषण केलं. ते कुणी ऐकलं नाही म्हणून इथं देत नाही.

पहिला ग्लास लीलाधरशेठचा. कागदावर: होणार नाही. मी तीन थेंब टाकले.

पांढरं झालं.

धुरासारखं हललं, पसरलं, दूध. मला वाटलं शेठनं ग्लासात काहीतरी कालवलंय. दुसरा, गोदाबाईंचा. पांढरं. तिसरा. पांढरं. चौथा, पाचवा. माझा हात आपोआप चालत होता, काळी बोटं पुढं आणि मी मागं. प्रत्येक ग्लासाबरोबर एक घर गप्प होत गेलं. माझ्या ग्लासात मी मीठ अजून टाकलंच नव्हतं. तोही पांढरा झाला.

सोळा ग्लास. हौद मोजतोय. कावळे बघतायत.

"म्हंजे?" शेठचा आवाज चिरकला. "मेरी भैंस का दूध सगळ्यांनीच प्यालं? मी बी?"

रजनी माझ्या मागं उभी होती. ती कानाशी हळूच म्हणाली, "अहो, आपल्या बंबात दर महिन्याला पांढरी खपली कशाची साचते हो?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंधरा वर्षं ती खपली मीच छिन्नीनं फोडतोय! डोंगराच्या पोटातून अंधारात कोसभर चालत आलेलं पाणी येताना चुना आणतं, मीठही आणतं. खपली चुन्याची, साका मिठाचा. शुद्ध कसलं? सोळा ग्लासांत मीठच होतं. अकरा वेळा पुस्तक वाचलेला मी एकदाही आपल्या हौदातल्या पाण्यात थेंब टाकून बघितलं नव्हतं.

आता उरला रंभाबाईचा ग्लास. मी म्हणालो, "पुरे आता." कारण तिचंही पांढरं होणार आणि बैलगाडी मी बोलून बसलेलो.

"टाक, मास्तर," भगत म्हणाला, नेहमीसारखा हळू.

टाकले. तीन थेंब.

काही नाही.

आणखी चार टाकले. काही नाही. पाणी नितळ, पलीकडची तिची बोटं दिसत होती. पावसाचं पाणी! दोन महिने आम्ही तिला हौद बंद केला आणि ती कौलांचं पाणी पीत राहिली. त्यात मीठ येणार कुठून? मी उडीच मारली. "बघा! बघा! हिचं नाही झालं! सुटली बाई!"

कुणी हललं नाही. मग गोदाबाई सावकाश म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं. मग हिचंच कसं नाही झालं?"

मला तो प्रश्न आधी कळलाच नाही. भगताला लगेच कळला. "जिच्याकडं आहे," तो म्हणाला, "ती लपवते."

मी ओरडायला लागलो. चांदी, क्लोराइड, पाऊस, चुना, तुमच्या डोक्यात काय भरलंय, सगळं ओरडलो. तेवढ्यात ढग फाटला आणि हौदावर कडक ऊन पडलं. काठावरचे सोळा ग्लास आधी जांभळट झाले, मग राखाडी, मग मृताच्या ओठासारखे. चांदीचा साका उन्हात काळा पडतो, हे पुस्तकाच्या चौऱ्याहत्तराव्या पानावर आहे. मी तेही ओरडून सांगितलं. पोरं रडायला लागली. आणि त्या ओळीच्या टोकाला एकच ग्लास स्वच्छ. सगळी गल्ली त्या स्वच्छ ग्लासाकडे अशी बघत होती, की मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बायकांनी पदर दातात धरले होते. दोघा-तिघांनी वाकून दगड उचलले होते. घाईनं नाही, बाजारात वांगी निवडतात तसे.

मग रंभाबाई उठली.

तिनं आपला ग्लास उचलला आणि ते नितळ पाणी गल्लीत ओतून दिलं. पाणी फरशीवरून वाहत आलं तशी माणसं उड्या मारून बाजूला झाली. पायाला लागू नये म्हणून शेठ तर ओट्यावरच चढले. तिनं तोच ग्लास हौदात बुडवला. दोन महिन्यांनी तिचा हात त्या पाण्याला लागला. कुणी अडवायच्या आत ग्लास भरून तिनं माझ्यापुढं धरला.

"टाक."

"रंभाबाई, अहो..."

"कोन चूक, कोन बरोबर ते राहू दे. टाक."

कुपीत तळाला थोडंसं होतं. मी उलटी केली. एक थेंब लोंबला. दुसरा आलाच नाही. तो एकच थेंब सुटला आणि पाण्यात पडला.

हललं. पसरलं. थोडंसंच, पण पांढरं झालं.

सोळा घरांनी एकदम श्वास सोडला. मी तो आवाज ऐकलाय, हौदाच्या आवाजासारखाच होता. तिनं तो ग्लास ओळीत शेवटी, उन्हात ठेवला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. तोही काळवंडला.

"हां," लीलाधरशेठ ओट्यावरून उतरत म्हणाले. "अब हुआ."

"आपल्यासारखंच झालं," गोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "बाई गं, मग दोन महिने बोलली का नाहीस?"

हातातले दगड जिथले तिथं खाली ठेवले गेले. भगतानं दक्षिणेचा नारळ घेतला, मोरपिसं झोळीत घातली आणि जाता जाता माझ्याजवळ थांबून विचारलं, "मास्तर, उन्हात काळं होणारं माझ्याकडं नाही. कुठं मिळतं?"

माझं कुणीही, एकानंही, अभिनंदन केलं नाही. कागद भिंतीवर तसाच होता: सतरापैकी दोन अंदाज बरोबर. त्यातला एक मीठ न टाकता बरोबर आलेला, आणि दुसऱ्यानं बाईचा जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर गेलो तर गोदाबाईंनी आपली बादली सरकवून रंभाबाईला जागा करून दिली होती. दोघी शेवयांचं बोलत होत्या. मी रंभाबाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "ज्यांनी दगड उचलले त्यांच्याबरोबर पाणी भरताय?"

ती ओंजळभर पाणी घेऊन प्याली. डोळे मिटून.

"मास्तर, दोन महिने पावसाचं पानी पेले मी. त्याले चवच नाही रे. गळ्याखाली उतरे नाही." तिनं तांब्या माझ्याकडे केला. "हे पे. कसं गोड लागते."

मी काळ्या बोटांनी तांब्या धरला आणि घोट घेतला. सगळं काय काय त्यात आहे ते आता मला माहीत होतं.

गोडच होतं. राग त्याचाच आहे.